डहाणू-बोर्डीला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्डीत राहणाऱ्याला मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे, त्यांच्या शेजाऱ्यांचे आणि शेजाऱ्यांच्या ऑफिसातल्या लोकांचे फोन येतच असतात. प्रश्न बहुतेक ठरलेले. वाडीत पाणी सोडलेलं असताना फोनवर तीच उत्तरं देत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो. काही उत्तरं लांबली आहेत. घाईत असाल तर भरती-ओहोटीचं तेवढं वाचा, बाकीचं इथला रिक्षावाला सांगेल.

डहाणू-बोर्डी नेमकं कुठे आलं?

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या अगदी उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यात. २०१४ पर्यंत हा ठाणे जिल्हा होता, त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी अजून ठाणेच येतं. डहाणू हे तालुक्याचं गाव. तिथे नगरपरिषद आहे, बाजार आहे, खाडी आहे, किल्ला आहे. तिथून समुद्राला धरून एक रस्ता उत्तरेला जातो. त्यावर नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि शेवटी झाई ही गावं लागतात. झाईच्या पलीकडे गुजरात. कोकण म्हटलं की लोकांची नजर अलिबागच्या खाली जाते. वरचं हे कोकण नकाशातही घडीत सापडल्यासारखं राहून जातं, आणि त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही.

यायचं कसं?

पश्चिम रेल्वेने. डहाणू रोड स्टेशनपर्यंत २०१३ पासून लोकल येते. चर्चगेटहून थेट गाड्या मोजक्याच आहेत, नाहीतर विरारला बदलायची. एकूण अडीच-तीन तास धरा. लोकल डहाणूलाच संपते. बोर्डीसाठी पुढचं घोलवड स्टेशन जवळ, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी, म्हणून बहुतेक लोक डहाणूला उतरून एसटी किंवा शेअर रिक्षा धरतात. पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता आहे आणि बराचसा समुद्राच्या कडेने जातो. रिक्षात डाव्या बाजूला बसा.

गाडीने येत असाल तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीला वळा आणि गंजाडवरून डहाणू गाठा.

पाणी निळं आहे का?

नाही. पाणी मातकट आहे आणि वाळू काळपट. उत्तरेला खंबातचं आखात आहे. नर्मदा, तापी या नद्यांचा गाळ त्या बाजूला समुद्रात येतो आणि रोजच्या जोरदार प्रवाहांनी ढवळत राहतो. निळ्या पाण्यावर फोटो काढायचे असतील तर मालवण गाठा. इथे रंग बघायचा तो आकाशाचा, आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर उतरलेल्या त्याच्या प्रतिबिंबाचा.

आम्ही दुपारी पोहोचलो तर समुद्रच नव्हता. असं कसं?

ही तक्रार दर रविवारी ऐकू येते. समुद्र होता, फक्त आत गेला होता. बोर्डीला ओहोटीत पाणी अर्धा किलोमीटर मागे सरतं. मुंबईहून हॉटेलचं बुकिंग करून आलेल्या माणसाला समोर नुसतं ओलं मैदान दिसलं की फसवल्यासारखं वाटतं.

कारण साधं आहे. किनाऱ्याला उतार फार कमी आहे आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा. गोव्याला हा फरक जास्तीत जास्त दोन मीटरच्या आसपास असतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटर होतो, आणि आखातात शिरून भावनगरला पोहोचेपर्यंत दहा मीटरच्या वर जातो. आखात निमुळतं होत जातं, तसतसं आत घुसणारं पाणी वर चढतं. आपण त्या वाटेवर आहोत.

आता कामाची गोष्ट. इथे येण्याचा दिवस शनिवार-रविवार बघून ठरवू नका, कालनिर्णय बघून ठरवा. कोळ्यांचा जुना हिशेब असा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि पहाटेही. तिच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊ वाजता. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. हिशेब मोघम आहे, गावागावाप्रमाणे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पण फिरायला जायचं की जेवायला बसायचं हे ठरवायला तेवढा पुरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा समुद्र अर्ध्यातच घुटमळतो. म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे: पौर्णिमेला या. दुपारी बारा-साडेबाराला पाणी बंधाऱ्याला लागलेलं बघाल, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला तेच पाणी दूर गेलेलं असेल. मावळता सूर्य समोर समुद्रात आणि उगवता चंद्र पाठीमागे सुरूंच्या वर, अशा दोघांच्या मध्ये तुम्ही ओल्या वाळूवर उभे असाल. पहाटे उठणारे असाल तर पौर्णिमेनंतरच्या तृतीया-चतुर्थीला या. सकाळी आठ-नऊला मोठी ओहोटी मिळते.

पोहता येईल का?

भरती चढत असताना, कमरेइतक्या पाण्यात, किनाऱ्यालगत डुंबा. ओहोटी लागल्यावर पाण्याच्या मागे मागे आत जाऊ नका. उताराचा अंदाज येत नाही. भरती परत फिरते तेव्हा ती फक्त समोरून येत नाही, वाळूतल्या सखल पट्ट्यांमधून आधी तुमच्या मागच्या बाजूला शिरते. पावसाळ्यात पाण्यात अजिबात उतरू नका. तेव्हा दुपारची भरती मोठी असते आणि वारा तिला आणखी ढकलतो.

किनाऱ्यावर गाडी नेली तर चालेल?

नाही. वाळू वरून घट्ट दिसते, खाली चिखल असतो. भरती येईपर्यंत ट्रॅक्टर मिळाला तर तुमचं नशीब. गाडीचं सोडा, चाकाखाली काय काय चिरडतं ते पुढच्या उत्तरात वाचा.

ओहोटीला नुसता चिखल दिसतो. त्यात बघायचं काय?

खाली बसा. चालत राहिलात तर खरंच चिखलच दिसेल.

वाळूवर मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांच्या रांगा दिसतील. एका बारीक भोकापासून निघून किरणांसारख्या बाहेर पसरलेल्या. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं आहे. पाणी उतरलं की तो बिळातून वर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, तिच्यातलं खाण्याजोगं सूक्ष्म ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एक पाऊल पुढे, पुन्हा एक गोळी. तुमची सावली पडली की सगळे एकदम गायब. पाच मिनिटं हललात नाही तर आधी एक वर येतो, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळं मैदान पुन्हा कामाला लागतं. सहा तासांनी भरती येते आणि सगळ्या गोळ्या पुसून जातात. पुढच्या ओहोटीला पहिल्यापासून सुरुवात. याला कष्ट म्हणावं की नुसतं जेवण, यावर आमच्याकडे एका पाहुण्यांनी अर्धी रात्र वाद घातला होता. खेकड्याच्या दृष्टीने ते जेवणच असावं. फुकट गेल्याची खंत आपण आपल्याकडून त्याच्यावर लादतो.

खाडीच्या तोंडाशी जाल तर निवट्या दिसतील. हा मासा चिखलावर परांच्या जोरावर चालतो, उड्या मारतो, आणि डोक्याच्या वर बसवलेल्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघतो. पाण्याबाहेर तो तासन्‌तास काढू शकतो, फक्त अंग ओलं राहायला हवं. तिवरांच्या मुळांमधला चिखल हे त्याचं घर.

थंडीत पाहुणे पक्षी असतात. चिलखे, तुतवार ओल्या वाळूच्या काठाने धावत असतात, कुरव आणि सुरय पाण्यावर. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून आलेले बरेचसे मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. पाणी मागे सरकलं की ते पुढे जातात, पाणी पुढे आलं की मागे येतात, त्यामुळे त्यांना शोधायचं तर पाण्याची कड शोधा. दुर्बीण असेल तर आणा. कुत्र्याला मात्र दोरीने बांधून ठेवा. थव्याला उडवून लावणं त्याला खेळ वाटतो, पण लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाण महाग पडतं.

किनाऱ्यावर कासव दिसलं तर काय करायचं?

परत पाण्यात ढकलू नका. चांगल्या मनाने केलेली ही सगळ्यात मोठी चूक. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात कासवं येतात ती बहुधा अंडी घालायला नव्हे. जखमी, दमलेली, तुटलेल्या जाळ्यात पाय अडकून काचलेला, अशी लाटांबरोबर फेकली जातात. पाण्यात परत गेली तर बुडून मरतात. कासव हवेत श्वास घेतं, त्याला पृष्ठभागावर यायची ताकद हवी. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, लोकांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. डहाणूत समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. वनविभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून ते चालवतात. जाळ्याने पर गमावलेली कासवंही तिथे टाकीत पुन्हा पोहायला शिकतात.

एवढी शांतता इथे कशी राहिली? मुंबई तर तीन तासांवर आहे.

लोक समजतात की गाव मागासलं म्हणून शांत राहिलं. तसं नाही. दक्षिणेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र, उत्तरेला उंबरगाव-वापीचे कारखाने. मधला हा पट्टा तसाच राहावा यासाठी माणसांनी कागद झिजवले आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डहाणूच्या खाडीजवळ औष्णिक वीजकेंद्र यायचं ठरलं. इथल्या बागायतदारांनी विरोध केला. केंद्र आलंच, ५०० मेगावॉटचं, आणि आजही त्याची चिमणी डहाणूच्या किनाऱ्यावरून दिसते. पण त्या भांडणातून दुसरं काही निघालं. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. कोणते उद्योग चालतील, कोणते नाहीत, याची यादी झाली. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा आली. अधिसूचना कागदावरच राहू लागली तेव्हा पर्यावरणवादी संपादक बिट्टू सहगल आणि इथले लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये जाईपर्यंत तेच होते. धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायला वीजकेंद्राला भाग पाडलं ते याच प्राधिकरणाने. ती २००७ मध्ये सुरू झाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गावात कारखाना नाही म्हणजे गावातल्या पोराला पहाटेची गाडी पकडून बोईसरला किंवा वापीला जावं लागतं. ज्याची वाडी आहे त्याला शांतता परवडते. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस पावसाळा संपला की वीटभट्टीवर, बांधकामावर कामाला जातो. त्याने या अधिसूचनेकडे कसं बघावं, हे समुद्राकाठी चहा पिता पिता आपण ठरवू नये असं मला वाटतं.

वाढवण बंदराचं काय झालं?

डहाणूच्या दक्षिणेला वाढवण गाव आहे. तिथे खडकाळ किनारा आहे, ओहोटीला लांबवर उघडा पडणारा. खडकांच्या खळग्यांत पाणी राहतं आणि त्यात मासळीची पिल्लं वाढतात. मच्छीमार या पट्ट्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. नव्वदीत पी अँड ओ या कंपनीचा इथे बंदर बांधायचा प्रस्ताव होता, तो प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला. पुढे बंदराचा विषय नव्याने आला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून हिरवा कंदील दाखवला, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भर घालून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार होणार आहे. मच्छीमारांनी मोर्चे काढले, बंद पाळले, कोर्टात गेले.

‘बंदर झाल्यावर बोर्डीचा किनारा असाच राहील का?’ असं विचारणारे बरेच असतात. वाढवण बोर्डीपासून लांब आहे, पण वाळू आणि मासे हद्द बघून फिरत नाहीत. रोजगार येईल म्हणणारे आमच्याच गावात आहेत आणि त्यांनाही घरं चालवायची आहेत. माझं मत विचाराल तर ज्या खडकांत मासा वाढतो ते खडक दुसरीकडे बांधून देता येत नाहीत, आणि नुकसानभरपाईच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

चिकू इथलेच प्रसिद्ध का?

घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जमिनीत चुना आहे, समुद्राची दमट हवा आहे, त्याने गोडी येते असं सांगतात. बागा उभ्या करण्यात इराणी कुटुंबांचा वाटा मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द-केरमान भागातून आलेली ही झरतुष्ट्री माणसं इथे मातीत रमली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या मराठी, गुजराती आणि कधी कधी वारली बोलीही सहज बोलतात.

वाडीत शिरलात तर आधी अंधार जाणवेल. चिकूचं झाड खाली झुकलेलं, दाट, बाराही महिने पानांनी भरलेलं. कलम असतं ते खिरणीच्या खुंटावर. खिरणीला पाण्याची ओढ सहन होते, ती चिवटपणा देते. फळं वर्षभर येतात, खरा बहर थंडीत. चिकू झाडावर पिकू देत नाहीत. तयार झाला की नाही हे बघायला काढणारा नखाने साल जरा खरवडतो. आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं आणि चीक कमी आला तर काढायचा. तयार फळावरचा तपकिरी भुसाही हात फिरवला की झडतो. उंचावरची फळं लांब बांबूला बांधलेल्या जाळीत उतरवतात, धुतात, लहान-मोठी निवडतात, पेट्या भरतात. पिकायला चार-पाच दिवस लागतात.

काही फळं निसटतात आणि झाडावरच मऊ होतात. ती वटवाघळांची. रात्री वाडीत फडफड ऐकू आली तर घाबरू नका.

वाडी बघायची असेल तर विचारून आत जा. रस्त्याकडेला फांदी वाकली आहे म्हणून फळ तोडू नका.

किनाऱ्यावरच्या उंच झाडांचा जंगलाशी काही संबंध?

ती सुरूची झाडं, मूळची इथली नव्हेत, लावलेली आहेत. वारा अडतो, वाळू धरली जाते. पक्ष्यांना त्यांचा फार उपयोग नाही. तरी वारा सुटला की त्यांच्यातून जो आवाज निघतो तो ऐकताना डोळे मिटले तर भरती आली की सुरू वाजतायत हे कळत नाही. खाली झोपाळ्यासाठी दोरी बांधताना सालीवर पोतं गुंडाळा.

बाहरोटची गुहा बघता येते का?

येते. बोर्डीच्या आग्नेयेला बारडाचा डोंगर आहे, तिथे कोरलेल्या गुहा आहेत. चढ बेताचा आहे, पण उन्हात नको, सकाळी जा, गावातला वाटाड्या घ्या. पारशी परंपरेनुसार त्यांची जुनी वसाहत असलेल्या संजाणचा पाडाव झाल्यावर धर्मगुरूंनी पवित्र अग्नी इथे आणून बारा वर्षं जपला. पुढे तो वांसद्याला, नवसारीला गेला आणि १७४२ पासून उदवाड्याला आहे. तिथल्या अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. गुहा मात्र उघडी आहे, म्हणून तिथे नावं कोरायची असतात असं नाही.

वरून पश्चिमेला सगळी वाडी, मग वाळूची पट्टी, मग पाणी दिसतं. या गुहेत पाण्याचं टाकं आहे, भोवती पूर्वी घनदाट रान असणार. लपायला आलेल्या माणसांनी इंधन आणि पाणी कुठून आणलं असेल, याचा विचार करत बसावं अशी ही जागा.

वारली चित्रं कुठे बघायला मिळतील?

चारोटी रस्त्यावरचं गंजाड हे जिव्या सोमा मशे यांचं गाव. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या घरात आणि आसपास आजही चित्रकार आहेत. चित्र घ्यायचं तर त्यांच्याकडून घ्या, छापील टी-शर्ट तुम्हाला दादरलाही मिळेल.

मूळ चित्र विकायला नसतंच. ते लग्नघराच्या भिंतीवरचं. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात, मधे पालघट ही लग्नाची देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाभोवती झाडं, मोर, ताडावर चढलेला माणूस, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती गोल नाचणारी माणसं. माणूस झाडापेक्षा मोठा काढलेला क्वचितच सापडेल. पाड्यांच्या वेशीवर वाघोबाचे दगड किंवा लाकडी फळ्या दिसतील, त्यांना हात लावू नका. वाघबारशीला अजून त्याची पूजा होते. बिबटे या डोंगरांत आजही आहेत, त्यामुळे ही पूजा नुसती आठवण म्हणून नाही.

भूकंप होतात म्हणे. घाबरण्यासारखं आहे का?

नोव्हेंबर २०१८ पासून तालुक्याच्या पूर्वेकडच्या धुंदलवाडी भागात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता. तेव्हा तिकडची माणसं घराबाहेर तंबूत झोपली, शाळाही बाहेर भरल्या. ते गाव किनाऱ्यापासून आत आहे. तुम्ही एक-दोन रात्री राहून जाणार, त्यासाठी बेत रद्द करायची गरज नाही.

लहान मुलांना कंटाळा येईल का?

मोबाइलचं चार्जर घरी विसरा, मग नाही येणार. मुलांना आणि निसर्गाला एकत्र कसं आणायचं यावर या गावाने देशाला शिकवलंय. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं चारायला जात होती. तेव्हा शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेत पानं, शिंपले, बिया, खडे हेच साहित्य होतं. तुमच्या मुलाला ओहोटीत एक डबा द्या आणि मोकळं सोडा. जे गोळा करेल ते जाताना परत ठेवायला सांगा, विशेषतः आत जीव असलेले शंख.

खायला काय मिळेल?

बोंबील, पापलेट, कोलंबी, हंगामात खाडीची कालवं. डहाणूच्या बाजारात मांगेला मावश्यांकडून मासळी घेताना फार घासाघीस करू नका, त्या तुमच्यापेक्षा जास्त ताणू शकतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात ताजं पापलेट म्हणून जे ताटात येतं ते बर्फातलं. सुके बोंबील मात्र उत्तम मिळतात. इराणी-पारशी घरांतून चालणाऱ्या ठिकाणी आधी सांगून ठेवलं तर धनसाक, पात्रानी मच्छी. थंडीत कुठे उकडहंडी, म्हणजे मडक्यात भरून शिजवलेल्या कंद-भाज्या, लावलेली असेल तर बाकी सगळं सोडा आणि तिकडे जा. सकाळी लवकर नीरा मिळते, ऊन चढल्यावर जी मिळते ती ताडी. दोन्हींतला फरक न कळण्याचं सोंग घेऊ नका.

पावसाळ्यात यावं का?

यावं. पण मग समुद्राकडून काही मागू नये. होड्या ओढून ठेवलेल्या असतात, वीज जाते, कपडे वाळत नाहीत. डोंगराकडे भातलावणी चाललेली असते. समुद्र तेव्हा आपल्यासाठी नसतो आणि लांबून बघण्यात काही कमीपणा नाही.

मोठ्या आवाजाचा स्पीकर, शेकोटी चालेल?

नाही.

रविवारी परतीच्या लोकलमध्ये जागा मिळते का?

डहाणूहूनच गाडी सुटते, त्यामुळे पंधरा मिनिटं आधी पोहोचलात तर खिडकीही मिळेल. पालघरनंतर विसरा. आणि चिकू नेणार असाल तर कच्चे घ्या, पेटी पायाशी ठेवा. पिकलेल्या चिकूंची पिशवी वरच्या रॅकवर ठेवली की सफाळ्यापर्यंत खालच्या माणसाच्या शर्टावर डाग पडतो आणि विरारपर्यंत भांडण चालतं.